खुर्च्यांसकट विमान

रिक्षात बसायच्या आधी टायर दाबून बघणारा माणूस तुम्ही बघितला नसेल. मी बघितलाय. नुसता टायर नाही. ब्रेक मारायला लावायचे, हॉर्न वाजवायला लावायचे, आणि मग रिक्षावाल्याला विचारायचे, "खाना खाया क्या?" उपाशी माणसाच्या गाडीत ते बसत नसत. तारनाक्याच्या स्टँडवरचे निम्मे रिक्षावाले त्यांना लांबून बघितलं की गाडी चालू करून पळायचे. उरलेले निम्मे हसत थांबायचे. "आव साब, चेक करलेव," म्हणायचे.

ते आमचे घरमालक. पुढं रस्त्याला लागून माझं सायकलचं दुकान, मागं आमच्या दोन खोल्या, आणि वर ते एकटे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म घालवून रिटायर झालेले. बायको कधीचीच गेलेली, मुलगा अमेरिकेत कंप्युटरच्या नोकरीत. मी त्यांना मालक म्हणायचो, ते मला शेठ म्हणायचे. पंक्चर काढणाऱ्याला शेठ म्हणणारा माझ्या आयुष्यातला तो एकच माणूस.

खरं तर हे सगळं माझी बायको सांगायची. सांगताना हसायची, हसताना पुढचं विसरायची, मग मी मधे तोंड घालायचो, आणि ती म्हणायची, "तुम्ही गप बसा, तुम्हाला सांगता येत नाही." मागच्या दिवाळीच्या आधी ती गेली. आता गप बस म्हणणारं कुणी नाही, म्हणून मी सांगतो. तिच्यासारखं जमणार नाही, ते मला माहीत आहे.

मालकांचं एकच म्हणणं, की दुसऱ्यानं सांगितलेलं खरं मानायचं नाही. न्हाव्याकडं गेले की वस्तरा आधी स्वतःच्या मनगटावर फिरवून बघायचे. नव्या हॉटेलात आधी मोरीत डोकावून यायचे, मग टेबलाला बसायचे. त्या दिवसांत परदेशी काळं सरबत पुन्हा मिळायला लागलं होतं, टीव्हीवर रोज त्याचीच जाहिरात. मालकांनी एक बाटली आणली, माझ्याकडून एक गंजका खिळा मागून नेला आणि त्यात बुडवून ठेवला. आठवड्यानं खिळा परत घेऊन आले. "शेठ, तुमचा खिळा चांदीसारखा झाला. मी पिणार नाही." खिळा मी वापरला. चांगला लागला.

आमच्या मुलीला कुकटपल्लीचं स्थळ आलं तेव्हा मी मुलाच्या बापाला भेटलो, घर बघितलं, पसंत केलं. मालक म्हणाले, "थांबा." एकटेच बस पकडून गेले आणि मुलाच्या कारखान्याच्या गेटासमोर शिफ्ट सुटेपर्यंत उन्हात उभे राहिले. आले ते घाम पुसत म्हणाले, "मुलगा सायकल काढताना शेजारची पडली. त्यानं उचलून लावली, आजूबाजूला कुणी बघत नसताना. द्या मुलगी." दिली. आज मी त्याच जावयाकडं राहतो, आणि तो अजून दुसऱ्यांच्या पडलेल्या गाड्या उचलतो.

तर असा माणूस. आता विमानाचं सांगतो.

त्या वेळी तारनाक्याला जुनी बैठी घरं पटापट पडायला लागली होती. दर दोन महिन्यांनी एक अंगण जायचं आणि तिथं चार मजली सांगाडा उभा राहायचा. मुलगा अमेरिकेहून आला तो एका बिल्डरशी बोलणं करूनच. पोरगा वाईट नव्हता. बाप एकटा राहतो, आजारी पडला तर कोण बघणार, हे त्याचं म्हणणं. घर बिल्डरला द्यायचं, बापाला घेऊन जायचं. मी जिन्याखाली पंप घेऊन उभा होतो आणि वरचं सगळं मला ऐकू येत होतं. घर गेलं की माझं दुकान गेलं, राहायची जागा गेली. विद्यापीठाची पोरं तेव्हाच भाड्याच्या सायकली सोडून मोपेडवर बसायला लागली होती. दुसरीकडं नव्यानं दुकान थाटलं असतं तर ते चाललं नसतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"बाबा, विमानात भिण्यासारखं काय आहे? रोज हजारो लोक बसतात."

"रोज हजारो लोक तंबाखूही खातात."

"मग तुमची खात्री कशानं पटेल ते तरी सांगा."

वर मालकांच्या दोन येरझाऱ्या ऐकू आल्या. मग म्हणाले, "मी स्वतः एक करून बघतो. खरं असतं तसंच, मापात, फक्त लहान. ते उडालं की मी घराच्या कागदावर सही करतो. तू माझं तिकीट काढ."

मुलाला वाटलं, खेळणंच ते, महिन्याभरात होईल. त्यानं बापाच्या हातावर हात मारला आणि खुशीत परत गेला.

रात्री जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती डोक्याला हात लावेल. ती म्हणाली, "विमान? घरात? बघू तरी करतात कसं."

"अगं, ते उडालं तर आपण रस्त्यावर."

"ते पुढचं झालं."

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो. मला पोटात ठेवता येत नाही. म्हणालो, "मालक, तुमचं विमान उडू नये असं मला वाटतं. तोंडावर सांगतो."

"वाटणारच. मी तुमच्या जागी असतो तर मलाही वाटलं असतं," ते म्हणाले. "तुम्ही उडू नये म्हणा, मी उडवायचं बघतो. भांडण नाही."

"मी त्याला हात लावणार नाही."

"नका लावू. चहा घेणार?"

असं आमचं ठरलं. मी रोज संध्याकाळी वर जायचो, चहा प्यायचो आणि ते विमान कधी मोडतंय याची वाट बघायचो. हे त्यांना माहीत होतं. साखर मला आवडते तशी दोन चमचे घालायचे.

विमानाचा नकाशा त्यांना अ‍ॅबिड्सच्या बाजारात मिळाला. रविवारी दुकानं बंद असली की तिथल्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडतात, तिथं एका परदेशी मासिकाच्या पोटात घडी करून ठेवलेला होता. जुन्या काळचं दोन पंख्यांचं प्रवासी विमान. मालकांनी त्याची सगळी मापं मोठी करून घेतली, म्हणजे विमान एका माणसाला दोन्ही हातांत धरता येईल एवढं झालं. सांगाड्याला बांबूच्या कामट्या आणि फळांच्या खोक्यांच्या पातळ फळ्या. पंखे फिरवायला गलोलीचं रबर, ते पिळायचं आणि सोडायचं.

आता जोडायचं कशानं? बाजारातला गोंद त्यांना पटेना. म्हणाले, "आमच्या पार्सलांची लेबलं डिंकानं चिकटवायचो. श्रीनगरपर्यंत जायची, निघायची नाहीत." मग हिच्याकडं डिंक मागितला. घरात होता, मुलगी पहिल्या बाळंतपणाला येणार होती, तिच्या लाडवांसाठी आणलेला. चांगल्यातला. हिनं डबा उचलून दिला. मालकांनी तो शिजवला, आणि सवयीप्रमाणं बोट बुडवून चाखून बघितला. "उत्तम आहे," म्हणाले. मी तेव्हाच समजायला हवं होतं.

महिनाभर खपून सांगाडा झाला. दिसायला सुरेख होता, खोटं कशाला बोलू. रात्री टेबलावर ठेवला, सकाळी बघतो तर टेबलावर होता तसाच होता, पण सुटा. उंदरांनी लाकडाला तोंड लावलं नव्हतं. सगळे सांधे तेवढे खाल्ले होते. प्रत्येक काडी जिथली तिथं, आणि एकही दुसरीला चिकटलेली नाही. मालकांनी एक काडी उचलून तिचं टोक उजेडात धरलं.

"बारकाईनं काम केलंय," म्हणाले.

ही म्हणाली, "डिंक खरंच चांगला होता, भाऊजी."

त्या दिवशी मी दुकान बंद करून येताना जिलबी आणली. हिनं हात लावला नाही. पुडा उचलून वर नेऊन मालकांना दिला आणि कशासाठी आणलीय तेही सांगितलं. मालकांनी खाल्ली. वरून हाक मारून म्हणाले, "शेठ, जिलबी ताजी आहे. पुढच्या वेळी इमरती आणा."

नंतर खळ हिनं करून दिली, मैद्याची, मोरचूद घालून. पुस्तकं बांधणारे करतात तशी. तिला उंदरानं काय, मुंगीनंही विचारलं नाही. तेव्हापासून ही त्या कामात गळ्यापर्यंत बुडाली. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, ते बाजूला पडायला लागले. बायका तगादा लावायच्या. ही म्हणायची, "थोडं थांबा, पंखाचं कापड चाललंय." त्या बिचाऱ्या माझ्याकडं बघायच्या.

कापड म्हणजे पतंगाचा कागद. तो आणायला मालकांबरोबर एकदा मी जुन्या शहरात गेलो होतो. दुकानदार म्हातारा, डोळ्यांत सुरमा घातलेला. मालकांनी पन्नास कागद उजेडात धरून धरून बघितले, फुंकर मारून बघितले. दुकानदार म्हणाला, "इत्ती उमर में पतंगां उड़ारे क्या साब?"

"पतंग नहीं. हवाई जहाज."

"उड़ना है ना? उड़ती सो सब पतंगाच है," तो म्हणाला, आणि वर दोन कागद फुकट दिले.

हिनं तो कागद पंखांना लावला आणि वरून भाताच्या पेजेचा हात फिरवला. साड्यांना खळ द्यायची तसाच. पेज सुकली की कागद असा ताणला जायचा की बोटानं टिचकी मारली तर हलगीसारखा वाजायचा. दोन्ही पंख तयार झाले. मग ते अंगाला लावायचा दिवस आला. मालकांनी उजवा लावला. डावा हातात घेतला, लावायला गेले, आणि थांबले. उलटा करून बघितला. पुन्हा सुलटा केला. पुढची कड पुढं आणली की पोट वर जायचं, पोट खाली केलं की पुढची कड मागं जायची.

नकाशात एकच पंख काढलेला होता. तो बघून त्यांनी दोन केले होते. दोन्ही उजवे.

हिनं दोन्ही पंख शेजारी धरून बघितले. मग जमिनीवर बसली आणि हसायला लागली, पदर तोंडात कोंबून. "आजवर कुणाला दोन उजव्या बाह्या शिवल्या नाहीत मी. आणि दोन्ही पंख माझ्याच हातानं मढवले, एकदा कळू नये?"

मालक गंभीर होते. म्हणाले, "वहिनी, मी रेल्वेतला माणूस. आमची डावी-उजवी चाकं सारखीच असायची."

मलाही हसू आलं होतं. पण मी आनंदानं हसतोय की कशानं, हे मला नीट कळलं नाही. इमरती आणायची विसरलो.

मधे मुलाचा फोन यायचा, कधी होणार म्हणून. मालक सगळं खरं सांगायचे, उंदरांसकट. शेवटी पोरगा कंटाळला. एक ओळखीचा इकडं येत होता, त्याच्याबरोबर त्यानं एक मोठं खोकं पाठवलं. आत तयार विमान. सेलवर चालणारं, हातातल्या डबीची काडी हलवली की वळणारं. बरोबर निरोप होता, हे उडवा आणि सही करा. मालकांनी ते गच्चीवर नेऊन उडवलं. काय उडालं हो. घार घिरट्या घालते तसं. मालकांनी उतरवलं, पुसलं, खोक्यात ठेवलं आणि खोकं कपाटावर चढवलं.

मुलाला फोनवर म्हणाले, "छान आहे. पण दुसऱ्यानं केलेलं उडतं, हे मला माहीत होतं. बेगमपेटच्या विमानतळावरून रोज उडताना दिसतात."

तेव्हा मला वाटायला लागलं की ह्या माणसाला जायचंच नाही, सगळं नाटक आहे. हिला तसं म्हणालो. ती म्हणाली, "नाटक करणारा माणूस पहाटे उठून कामट्या तासत बसत नाही." ते खरं होतं. बोटांना कायम चिंध्या बांधलेल्या असायच्या. एकदा तर रबर तुटून डोळ्याखाली लागलं, काळंनिळं झालं, आणि ते आरशात बघून म्हणाले, "जोर आहे त्यात."

ही रोज दिवेलागणीला जिन्याखालून विचारायची, "भाऊजी, आज काय मोडलं?" आणि वरून उत्तर यायचं, "आज शेपूट." "आज काही नाही, उद्या बघू." तेव्हा मला ती कटकट वाटायची. आता मी जावयाच्या घरात नवव्या मजल्यावर बसतो. घरातली सगळी चांगली आहेत, कामाला जातात, थकून येतात. संध्याकाळी आज काय मोडलं म्हणून कुणी विचारत नाही. एकट्या माणसाला तेवढं पुरतं, हे मला मालकांच्या वयाला आल्यावर कळलं.

तिसरं विमान मात्र सगळ्या बाजूंनी बरोबर झालं. एक डावा पंख, एक उजवा. मोरचुदाची खळ. पण मालकांनी ठरवलं होतं, खरं असतं तसंच. म्हणून आत खुर्च्या. काडेपेट्या कापून केलेल्या, हिनं त्यांना ब्लाउजपिसाच्या कापडाची गादी लावली. खिडक्यांना पडदे. खुर्च्यांवर प्रवासी म्हणून चिंचोके चिकटवले. आणि हयात पार्सलात गेलेली, म्हणून मागच्या बाजूला प्रत्येकाचं सामान, हरभऱ्याची डाळ. पंखाजवळच्या खिडकीशी स्वतः मालक. बोटाच्या पेराएवढे, शाडूचे, हिनं केलेले. डोक्यावर काळी टोपी, तारेचा चष्मा. टोपीखाली कान जरा मोठे झाले होते.

"मी एवढा दिसतो?" मालकांनी विचारलं.

"बसल्यावर दिसता," ही म्हणाली.

गच्चीवरून सोडलं. दगड टाकावा तसं खाली गेलं. शेजारच्या तेलुगू मावशींनी त्यांच्या अंगणात सांडगे वाळत घातले होते, त्यांच्या बरोबर मधोमध. मावशी बाहेर आल्या. "अय्यो, मा वडियालु पोयायि," असं सांडगे गेले म्हणून ओरडत त्यांनी विमान शेपटीला धरून उचललं आणि आत डोकावल्या. चिंचोके बघितले, पडदे बघितले. मग मालकांकडं बघून कुंपणावरून विचारलं, "एमंडी, इसमें चटणी का सामान कायकू डाले?"

ही तिथंच म्हणाली, "भाऊजी, खुर्च्या काढा. जड होतंय."

"खुर्च्या काढून कसं चालेल?"

"रिकामं तरी उडेल."

"रिकामं उडालं तर मला काय उपयोग? मी काय बाहेर लटकून जाणार अमेरिकेला?"

तिथून पुढं कितीतरी महिने हेच चाललं. विमान सोडायचं, ते पडायचं, दुरुस्त करायचं, आणि मालक नाइलाजानं एखादा प्रवासी उतरवायचे. चिमट्यानं चिंचोका उचलायचे आणि म्हणायचे, "ह्यांचं तिकीट रद्द." आधी डाळ गेली. मग मागच्या रांगा गेल्या. शेवटी विमानात सगळ्या खुर्च्या, सगळे पडदे, आणि एकटे मालक राहिले. खुर्च्यांना मात्र हात लावू दिला नाही. म्हणाले, "उद्या कुणी चढलं तर बसेल कुठं?"

एका रविवारी सकाळी ते विमान विद्यापीठाच्या मोठ्या मैदानावर नेलं. मी विमानाला हात लावला नव्हता. मी नुसता बरोबर होतो. रबर पिळायला दुकानातलं हाताचं ड्रिल लागणार होतं, ते हिनं मला न विचारता पिशवीत टाकलं होतं. वारा अगदी थोडा. हिनं शेपूट धरलं, मालकांनी रबर पिळलं. पिळता पिळता त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव नव्हतं, मोजत होते. मग विमान डोक्यावर धरून ते धावायला लागले. धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. चार पावलं धावले आणि सोडलं.

विमान खाली आलं. मला वाटलं, झालं. गवताला लागता लागता त्यानं नाक वर केलं आणि ते निघालं. पंख्यांचा आवाज येत होता, शिवणयंत्र चालवल्यासारखा. आमच्या डोक्याएवढं वर गेलं, मग त्याच्याही वर. सरळ चाललं होतं. मैदानाच्या ह्या टोकाहून त्या टोकाला, उन्हात कागद चमकत होता आणि खिडक्यांचे पडदे लांबूनही दिसत होते. मी ते पडावं म्हणून आलो होतो. पण ते वर गेलं तेव्हा माझ्या तोंडातून "जा, जा, जा" निघत होतं. हिनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की नखं रुतली. मालक जिथं थांबले होते तिथंच उभे, हात अजून वर, सोडले तसेच.

मग रबर संपलं. पंखे थांबले. विमानानं नाक खाली घातलं आणि त्या टोकाच्या दगडी भिंतीवर जाऊन आपटलं.

आम्ही तिघं चालत गेलो. कुणी धावलं नाही. पंख बरेच धड होते. नाकाचा भुगा. मालकांनी खिडकीतून बोट घालून स्वतःला बाहेर काढलं आणि तळहातावर घेतलं. डोकं नव्हतं. टोपी, चष्मा, मोठे कान, सगळं गेलेलं. हात मांडीवर ठेवून शांत बसलेलं धड तेवढं होतं.

"मी गेलो की," मालक म्हणाले.

ही गवतात वाकून डोकं शोधायला लागली. मला जे बोलायचं होतं ते मी बोललो. "मालक, हे उडालं म्हणत नाहीत. हे पडलं. इथं दुसरं कुणी नव्हतं. मुलाला सांगा, पडलं."

"उडालं," ही गवतातूनच म्हणाली.

"तू गप बस."

"का गप बसू? उडालं. मी बघितलं. तुम्ही जा जा म्हणत होता, तेही मी ऐकलं. माणसानं एवढे दिवस बोटं कापून घेतली, आणि ते उडालं तर पडलं म्हणायचं? घर गेलं तर गेलं. दुसरं बघू."

मला राग आला. तिच्यावर यायला हवा होता, पण कुणावर आला ते कळेना. मालकांनी आमच्या दोघांकडं बघितलं, मग हातातल्या धडाकडं. "चला, फोन करू," म्हणाले. "तिकडं रात्र असेल, पण तो जागा असतो."

नाक्यावरच्या फोनच्या बूथमध्ये तिघं मावत नव्हतो. मालक आत, ही दारात, मी बाहेर. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. परदेशी फोनला ते नेहमी ओरडून बोलायचे, त्यामुळं ऐकायला अडचण नव्हती.

"हॅलो. मी बोलतोय. उडालं. हो, खरंच. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. खुर्च्यांसकट." मग थोडं थांबून म्हणाले, "पण मी मेलो."

तिकडून काहीतरी मोठ्यांदा आलं.

"अरे, मी म्हणजे आतला मी. थांब, वहिनी सांगतील."

हिनं रिसीव्हर घेतला. तिला फोनवर बोलायची सवय नव्हती, रिसीव्हर कपाच्या बशीसारखा धरायची. "हो बाळा, उडालं. खोटं कशाला सांगू. छान उडालं. पण पडलं ते असं पडलं, की भाऊजींचं मुंडकं अजून सापडलेलं नाही." मग ती ऐकत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. ती मला नंतर म्हणाली, तिकडं तो इतका हसला की त्याची बायको जागी झाली. हसणं थांबल्यावर त्यानं विचारलं, "बाबा काय म्हणतायत?"

मालकांनी रिसीव्हर परत घेतला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता, मी काचेला कान लावला.

"चढायची खात्री झाली रे," ते म्हणाले. "त्याबद्दल आता माझी काही तक्रार नाही. पण मला विमानात नुसतं चढायचं नाही, उतरायचंही आहे. ते अजून बघायचं राहिलंय."

तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. मालक "हं" म्हणाले, पुन्हा "हं" म्हणाले, आणि मग "बरं, तूही जेवत जा वेळेवर," म्हणून रिसीव्हर ठेवला.

बाहेर आले तेव्हा चष्मा काढून पुसत होते. उतरायचं ते त्यांनी मुद्दाम काढलं का खरंच त्यांना तसं वाटलं, हे मला आजही सांगता येणार नाही. हिला पुढं कितीदा विचारलं. ती म्हणायची, तुम्हाला कळून काय करायचंय.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, बाबा, सावकाश करा."

आम्ही घराकडं निघालो. मोडकं विमान मालकांच्या काखेत, ड्रिलची पिशवी हिच्या हातात. मी मोकळ्या हातांनी मागून.

"खालची चाकं बदलावी लागतील," मालक म्हणाले. "कागदाच्या चकत्यांवर उतरत नाही ते. खरी फिरणारी पाहिजेत."

"आधी तुमचं मुंडकं," ही म्हणाली.

"ते तुम्ही बघा. ह्या वेळी कान थोडे कमी करा."

मी पुढं झालो आणि त्यांच्या काखेतलं विमान माझ्याकडं घेतलं. हलकं होतं. खालची एक चकती बोटानं फिरवून बघितली, ती अडकत होती. "चाकं मी बघतो," मी म्हणालो.

दोघंही थांबले आणि माझ्याकडं बघायला लागले.

"तुम्ही?" ही म्हणाली.

"मग कोण? सायकलवाला मी का तू?"

रस्ता ओलांडताना मालकांनी माझ्या कोपराला धरलं, विमान सांभाळायला. मी मनात चाकांचा हिशेब मांडायला लागलो होतो, बारीक छर्रे लागतील, तारेचा आस लागेल, एकेक नीट करायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. उतरायचं काम सावकाशच करायचं असतं, आणि माझी तर काहीच घाई नव्हती.